डोकं विकत घ्यायचं नसतं

नाखव्यानं मला फसवलं. दुकानातली एकही वस्तू उचलली नाही, कुठल्या कागदावर खोटी सही केली नाही, माझ्याशी एक शब्द खोटा बोलला नाही, आणि तरीही फसवलं. खोटं बोलला असता तर मी त्याला लगेच पकडलं असतं. माझी सगळी कमाई खोटं बोलणाऱ्यांशी घासाघीस करून झालेली आहे.

पूर्वी मी त्याला 'ते' म्हणायचो. नाखवा आले, नाखवा बसले, नाखवा म्हणतील तसं. आता 'तो' म्हणतो. बापाच्या वयाच्या माणसाबद्दल असं बोलू नये, असं माझी बायको म्हणते. तिला मी सांगतो, बापानं हे केलं असतं तर बापालाही 'तो' म्हटलं असतं.

नाखवा म्हणजे होडीचा मालक. त्याच्याकडे होडी नव्हती. सारसोळ्याच्या कोळीवाड्यात त्याच्या बापाची होती. ती त्यानं तरुणपणीच विकली आणि नेरूळमध्ये भाड्याची घरं दाखवायला लागला. पण सारसोळ्यात ज्याचा बाप नाखवा तो नाखवाच. वॉचमन, सोसायट्यांचे सेक्रेटरी, मस्कत-दुबईहून फोन करणारे घरमालक, सगळे त्याला त्याच नावानं ओळखत. खरं नाव विचारलं तर मलाही क्षणभर थांबून आठवावं लागायचं.

दुकानात तो खुर्चीवर कधी बसला नाही. मासळीचा निळा प्लास्टिकचा क्रेट पालथा घालून, त्यावर उशी टाकून बसायचा. खुर्चीत बसलेल्या माणसाला उठायचा कंटाळा येतो, आणि उठायचा कंटाळा असलेल्या माणसानं घरं दाखवू नयेत, हे त्याचं म्हणणं. मी चांगली फिरती खुर्ची आणली होती. तिच्यावर तो गिऱ्हाइकांच्या छत्र्या ठेवायचा.

रिकामा फ्लॅट दाखवायला गेला तरी चप्पल बाहेर काढायचा. आत शिरला की डोळे मिटून एक दीर्घ श्वास घ्यायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं देवाचं नाव घेतोय. तो वास घेत असायचा. ओल कुठल्या भिंतीला आहे, शेजारच्या घरात कुत्रा आहे का, मोरीचं पाणी नीट जातं का, हे त्याला दारातच कळायचं. मग गिऱ्हाइकाला पहिली गोष्ट सांगायचा ती घराचा दोष. 'या घरान दुपारचा ऊन येतं. डोका दुकंल.' मी मागे उभा राहून दात खायचो. गिऱ्हाईक मात्र त्याच घराला हो म्हणायचं. दोष सांगणारा एजंट त्यानं आयुष्यात पाहिलेला नसायचा.

मी घाटावरचा. वडील तुर्भ्याच्या घाऊक बाजारात पाठीवर गोणी वाहायचे. त्यांच्या पाठीवरून मी खाली उतरलो तो सानपाडा स्टेशनबाहेरच्या टपरीवर, मोबाइलची कव्हरं आणि रिचार्ज विकायला. नाखवा तिथे हँडसेट घ्यायला आला होता. मी महागातला दाखवला, कॅमेरा दाखवला, गाणी लावून दाखवली. तो म्हणाला, 'त्या ट्रकपाशी जा न तिथून बोल.' मी गेलो. त्यानं एकेक हँडसेट कानाला लावून मला पुन्हा पुन्हा बोलायला लावलं. ट्रकचं इंजिन चालू, मी घसा फोडतोय, आणि हा शांतपणे 'आता दुसरा' म्हणतोय. शेवटी सगळ्यात कुरूप हँडसेट निवडला, कारण त्यात आवाज सगळ्यात स्वच्छ होता. मग कव्हर फुकट मागितलं. मी नाही म्हटलं. तासभर आम्ही त्या कव्हरावरून भांडलो. दोघांनाही मजा आली होती, हे दोघांनाही कळत होतं.

टपरीवर रोज कोणी ना कोणी भाड्याची खोली विचारायचं. मी त्यांना नाखव्याकडे धाडू लागलो. त्यातून पुढे नेरूळचा गाळा झाला, दारावर पाटी लागली. आमचा करार तोंडी होता आणि एका वाक्यात मावायचा. 'यंत्रां तुजी, चाव्या माझ्या.'

धंद्याबाहेरच्या माणसाला चावीचं मोल सांगायला हवं. इथल्या कितीतरी फ्लॅटांचे मालक इथे राहत नाहीत. कोणी आखातात, कोणी पुण्यात, कोणी गावी. फ्लॅट रिकामा असला की त्याची चावी ते ज्या एजंटावर विश्वास असेल त्याच्याकडे ठेवून जातात. गिऱ्हाईक आलं की ज्याच्याकडे चावी तोच घर दाखवतो आणि तोच व्यवहार करतो. बाकीच्यांनी कितीही जाहिराती कराव्यात, दार उघडता येत नसेल तर ते जिन्यातले पाहुणे. नाखव्याकडे चाव्या आपोआप यायच्या, कारण तो त्या नुसत्या टांगून ठेवत नसे. दर सोमवारी बंद घरांची फेरी काढायचा. खिडक्या उघडायचा, नळ सोडायचा, फ्लश करायचा. बंद घरातल्या मोरीचं पाणी सुकलं की गटाराचा वास वर येतो. मालक वर्षानं आला तरी त्याच्या घराला तो वास नसायचा. हे काम त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं आणि त्याचे पैसे तो घेत नसे.

आता यंत्रांचं सांगतो, कारण फसवणूक तिथेच आहे.

नव्या मुंबईत घरं विकणाऱ्याला रोज कोणीतरी यंत्र विकायला येतं. वेबसाइट, जाहिरातीचं पॅकेज, ड्रोन, गिऱ्हाइकांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, मध्यरात्रीसुद्धा आपल्याऐवजी उत्तरं देणारं मशीन. प्रत्येक विकणारा सांगतो, हे घेतलं नाहीत तर संपलात. आणि आमच्यातले कितीतरी एजंट सगळं घेऊनच संपले. हप्ते यंत्रांचे भरायचे की गाळ्याचं भाडं, या पेचात शटर खाली गेलेली माणसं मी पाहिली आहेत. मीही त्याच वाटेनं गेलो असतो. मला नवं यंत्र दिसलं की हात शिवशिवतात. नाखव्यानं मला अडवलं, हे मी नाकारत नाही.

त्याचा क्रम ठरलेला होता. 'आदी कान, मंग पाय, मंग डोला. तोंड शेवटाला.'

कान म्हणजे फोन. आवाज स्वच्छ हवा, बॅटरी दिवसभर टिकायला हवी, आणि नंबर कधी बदलायचा नाही. गिऱ्हाईक एकदाच फोन करतं, चुकला की ते दुसऱ्याचं. पाय म्हणजे स्कूटर, रेनकोट, बंद लिफ्टच्या जिन्यासाठी टॉर्च. फोन उचलल्यावर चहा निवायच्या आत घरापाशी पोचता आलं पाहिजे. डोळा म्हणजे कॅमेरा, फोटो, व्हिडिओ, लांबच्या गिऱ्हाइकासाठी. आणि तोंड म्हणजे जाहिरात, बोर्ड, पोर्टलचं पॅकेज. 'कान नाय न तोंड मोठा, त्याला मगर म्हनतान,' असं तो माझ्याकडे बघून म्हणायचा.

खरेदी कुठली करायची ते वर्षातून एकदाच ठरायचं, नारळी पौर्णिमेला. सकाळी तो सारसोळ्याच्या जेट्टीवर खाडीत नारळ सोडून यायचा. होडी नव्हती तरी जायचा. दुपारी दुकानात त्याच्या बायकोनं, आमच्या काकीनं, दिलेला नारळीभाताचा डबा उघडायचा आणि म्हणायचा, 'हां, बोल. अवंदा काय काय इकाया आला?' दर्यात उतरण्याआधी कोळी जाळं तपासतात, कुठं फाटलंय ते बघून तेवढंच विणतात. तसंच हे. मी वर्षभरात जमवलेली माहितीपत्रकं क्रेटसमोर मांडायचो. तो एकेकाला एकच प्रश्न विचारायचा.

'हा नाय घेतला म्हनून गेल्या वर्सान कंचा गिऱ्हाईक गेला? नाव सांग.'

नाव सांगता आलं तर वस्तू घ्यायची. नाही आलं तर पत्रक रद्दीत. 'सगळे घेतायत' हे उत्तर चालायचं नाही. 'पुढे गरज पडेल' हेही नाही. कॅमेऱ्याच्या वेळी मी नाव सांगितलं. बंगळुरूचं एक जोडपं फोटोसाठी थांबलं होतं, माझ्या फोनचे काळपट फोटो बघून त्यांनी दुसऱ्याकडून घर घेतलं. नाखव्यानं भाताचा घास थांबवला. 'ती चष्मेवाली बाय? उद्याच घे.'

एकदा टाय लावलेला एक विक्रेता डोळ्यांवर चढवायचा मोठा चष्मा घेऊन आला. तो चढवला की बसल्याजागी अख्खा फ्लॅट फिरता येतो. मी आधीच भुललो होतो, भावही अर्ध्यावर आणून ठेवला होता. नाखव्याला क्रेटवर बसवून चष्मा चढवला.

'काका, आता तुम्ही हॉलमध्ये आहात,' विक्रेता म्हणाला. 'मान वळवा. बाल्कनी दिसली?'

'दिसली.'

'कसं वाटतंय?'

'मोरी कुटं हाय?'

'बाथरूम ना? डावीकडे चला, काका.'

'गेलू. आता नल सोर.'

'नळ यात... नळ सुटत नाही, काका.'

'मंग नल गलतं का नाय, ता मना कसा कललं?'

विक्रेता माझ्याकडे बघायला लागला. नाखव्यानं चष्मा चढवलेलाच ठेवून मला विचारलं, 'नाव सांग.' माझ्याकडे नाव नव्हतं. त्यानं चष्मा उतरवला, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, 'त्याला चाय पाज. लांबशी आलाय.' ज्यांनी त्या वर्षी तो चष्मा घेतला, त्यांच्या घरी आता तो मुलं खेळायला वापरतात. माझं दुकान त्या एका प्रश्नावर टिकलं. म्हणूनच सांगतो, प्रश्न चांगला होता. चांगल्या प्रश्नानंच त्यानं मला गाडलं.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर प्लायवूडचा फळा होता, फळ्यावर खिळे, खिळ्यांवर चाव्या. एकाही चावीवर नाव नव्हतं, सोसायटी नव्हती, फ्लॅटचा नंबर नव्हता. प्रत्येक चावीला जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याचा तुकडा, आणि दोऱ्याला गाठी. कुठे एकच, कुठे तीन जवळजवळ, कुठे दोन आणि मधे अंतर. कुठे हिरवा दोरा, कुठे निळा. 'चावीवर पत्ता लिवला का ती चोराची झाली,' तो म्हणायचा. ते खरंच आहे. वाळत घातलेल्या जाळ्यांत आपलं कुठलं, हे त्याच्या बापाला गाठीवरून कळायचं. हा चावी बोटांत धरायचा, न बघता गाठीवरून अंगठा फिरवायचा आणि सांगायचा, 'सानपारा, मागची बिल्डिंग, वरचा माला.' कधी चुकला नाही. गिऱ्हाइकांसमोर ही करामत झाली की मला अभिमान वाटायचा, जणू माझाच अंगठा.

मी त्याला म्हटलं होतं, गाठी राहू द्या, पण कुठली गाठ कुठलं घर, ते कॉम्प्युटरमध्ये घालू. पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा. असं सॉफ्टवेअर आलंय, चाव्यांसाठीच.

'नाव सांग.'

'नाव कशाचं? उद्या तुम्ही आजारी पडलात तर?'

'चावी गावली नाय म्हनून कंचा गिऱ्हाईक गेला?'

कोणीच गेलं नव्हतं. कसं जाईल? गाठी वाचणारा माणूस रोज समोर क्रेटवर बसलेला असताना, चावी सापडली नाही म्हणून गिऱ्हाईक जाईलच कसं? त्याच्या प्रश्नाला उत्तर देऊ न शकणारी एक वस्तू कायम होती, ती म्हणजे त्याला पर्याय ठरू शकणारी वस्तू. दर नारळी पौर्णिमेला ते पत्रक मी मांडायचो आणि दर नारळी पौर्णिमेला ते रद्दीत जायचं. एकदा मी चिडून म्हटलं, 'कान झाला, पाय झाले, डोळा झाला, तोंडसुद्धा यादीत आहे. नाखवा, डोकं कितव्या नंबरवर?'

त्यानं भाताचा हात पुसला, स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं आणि हसला. 'डोका इकत घेयाचा नसतं. ह्यो हाय ना.'

मीही हसलो. त्या दुपारी माझ्या डब्यात त्यानं नारळीभाताचा जास्तीचा घास वाढला होता.

वडील गेले तेव्हा आम्ही सगळे गावी होतो. तेराव्यापर्यंत राहिलो. दुकान नाखव्यानं एकट्यानं चालवलं. परत आलो, माझ्या घराचं दार उघडलं आणि दारातच थांबलो. इतके दिवस बंद असलेल्या घराला वास नव्हता. माझ्या घराची जादा चावी दुकानातच असायची. सोमवारी बंद घरांची फेरी निघाली तेव्हा तो माझ्याही घरी येऊन नळ सोडून गेला होता. त्याबद्दल तो बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. तो माणूस माझा आहे, एवढं मात्र मी त्या दिवशी धरून चाललो.

मग त्याचे गुडघे दुखायला लागले. सोमवारची फेरी चुकली. दोन दिवस यायचा, चार दिवस नाही. मी म्हटलं, डॉक्टरकडे नेतो. म्हणाला, 'दुकतान खरे. पन जातू तिथं लिफ्ट हाय.' मला वाटलं दवाखान्याचं बोलतोय. बघा, खोटं नाही बोलला.

पाम बीच रोडवर, सारसोळ्याच्या सिग्नलजवळ, मोठं होर्डिंग लागलं. मी स्कूटरवर सिग्नलला उभा होतो. वर नाखवा होता. कोट घातलेला, केस विंचरलेले, खुर्चीत बसलेला. खाली लिहिलं होतं, 'नवी मुंबईची घरं जाणणारा माणूस आता आमच्यासोबत.' वाशीला काचेच्या इमारतीत एक कंपनी नव्यानं आली होती, मोबाइलवरून घरं भाड्यानं देणारी, तिचं नाव. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवत राहिले. तोंड शेवटाला म्हणणाऱ्याचं तोंड एसटीएवढं मोठं होऊन माझ्याकडे बघत होतं.

त्याच आठवड्यात मस्कतहून फोन आला. तिथे नर्स असलेल्या बाई, आमच्या सगळ्यात जुन्या मालकीण. त्यांच्या एका शब्दावर त्यांच्या हॉस्पिटलमधल्या कितीतरी जणींनी आपल्या घरांच्या चाव्या आमच्याकडे दिल्या होत्या. म्हणाल्या, 'दादा, सानपाड्याच्या घरासाठी भाडेकरू मिळालाय, माझ्या ओळखीतलाच. आजच बघायचंय त्यांना. उघडून द्याल ना?' मी म्हटलं, 'लगेच, ताई.'

फळ्यासमोर उभा राहिलो. सानपाड्याचा दोरा हिरवा असावा असं अंधुक आठवत होतं. हिरवे सगळे काढले, पिशवीत घातले आणि गेलो. भाडेकरू नवरा-बायको दारात उभे. मी एक चावी लावली. नाही. दुसरी. नाही. मी विनोद करून बघितला, ते हसले. पिशवीत हात घालून मी काढत राहिलो आणि त्यांचं हसणं कमी होत गेलं. वॉचमन वर आला. मग सेक्रेटरी आले, बनियनवर.

'काय चाललंय?'

'चावी लावतोय.'

'कुणाच्या फ्लॅटची?'

'याच फ्लॅटची.'

'मग लागत का नाही?'

पिशवीत इतक्या घरांच्या चाव्या घेऊन मी परक्या दारासमोर उकिडवा बसलो होतो आणि वॉचमन फोनवर माझा फोटो काढत होता. मी त्याच्यावर ओरडलो. ओरडल्यावर मी जास्तच चोर दिसायला लागलो. सेक्रेटरी म्हणाले, 'नाखवांना पाठवा. तुम्ही एकटे येत जाऊ नका.' भाडेकरूनं माझ्याकडे न बघता फोन काढला.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच गोड. 'दादा, नाखवांच्या कंपनीनं नवं कुलूप बसवून दिलं हो. फोनवरून उघडतं. तुमच्याकडची चावी आता टाकून दिलीत तरी चालेल.' त्यांच्यामागून बाकीच्या हॉस्पिटलवाल्या गेल्या. मग पुण्याचे गेले, दुबईचे गेले. प्रत्येकाला त्यानं स्वतः फोन केला होता. कुणाची मुलगी कितवीत आहे ते विचारून, माझ्याबद्दल एक वाईट शब्द न काढता.

मी सारसोळ्याला गेलो. तो ओटीवर बसला होता, गुडघ्याला तेल चोळत.

'ये घाटावरच्या. बस.'

'बसायला नाही आलो.'

'मंग उबा ऱ्हा.'

'नाखवा, हे काय केलंत?'

'काय केला? मी चावी नेली का?'

'नाही.'

'एक दोरा कापला?'

'नाही. पण गाठी कोण वाचणार? माझ्याबरोबर एक दुपार बसा. एकेक चावी सांगा, मी लिहून घेतो. मग जा कुठं जायचं तिथं.'

'नाय जमाचा. कंपनीनं सही घेतलीय. दुसऱ्याला सांगायचा नाय.'

'मी दुसरा?'

तो तेल चोळत राहिला. मी म्हटलं, 'तुम्हीच म्हणायचात ना, डोकं विकत घ्यायचं नसतं?'

'बोललू. पन कंपनीवाल्यानी पयल्याच दिसी इचारला, नाखवा, डोका कितीला? तू इतके वर्सान कवा इचारलास?'

'भागीदाराला भाव विचारतात का?'

'तू सगल्यांला इचारतंस,' तो म्हणाला. 'चायवाल्याला पन.'

त्यावर मी त्याला पहिल्यांदा अरे-तुरे केलं. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकी बाहेर आली, हातात माझ्यासाठी चहा होता. तिनं तो ओटीच्या कठड्यावर ठेवला आणि म्हणाली, 'हळू बोल, पोरा. शेजारी आयकतान.' मी चहा तसाच ठेवून निघालो. आजवर मी कोणाच्या दारचा चहा वाया घालवलेला नाही.

आमच्या एजंटांच्या मंडळात मी विषय काढला. सगळ्यांनी ऐकून घेतलं. अध्यक्ष म्हणाले, 'त्यानं नेमकं काय नेलं ते सांग, मग बघू.' मी फार तर फळ्याकडे बोट दाखवू शकत होतो, आणि फळ्यावरून काहीच गेलेलं नव्हतं. एक जण हळूच म्हणाला, 'शेठ, इतके हुशार तुम्ही, नोंद नव्हती ठेवली?' बाकीचे हसले. म्हातारा सगळ्यांना आवडतो. मीही त्यांच्या जागी असतो तर मलाही तोच आवडला असता.

दुकान अजून उघडतो. कान आहे, पाय आहेत, डोळा आहे, आता तोंडही घेतलंय, पोर्टलचं मोठ्यातलं मोठं पॅकेज. ते चाव्यांचं सॉफ्टवेअरसुद्धा घेतलं. त्यात भरायला माझ्याकडे काही नाही. फोन येतात, लोक फोटो बघतात आणि मग विचारतात, 'दाखवणार कधी?' दाखवायला दार लागतं. मागच्या भिंतीवरच्या निम्म्याहून जास्त चाव्यांची कुलपं आता बदलली असतील. बायको म्हणते, भंगारात घाला. मी फळ्याला हात लावू देत नाही. कधी कधी एखादी चावी घेतो आणि गाठीवरून अंगठा फिरवतो. नुसती गाठ लागते.

मी त्याच्याकडे गाठींचा अर्थ मागत नाही. मालक परत मागत नाही, ते गेले. कंपनीशी केलेला करार मोड, असंही म्हणत नाही, सही केलेला माणूस सही पाळतो एवढं मला कळतं. येत्या नारळी पौर्णिमेला मी तो निळा क्रेट पुसून दारात ठेवणार आहे. खाडीत नारळ सोडून झाला की त्यानं तिथे येऊन बसावं, मंडळातल्या चौघांना मी बोलावतो, आणि त्यांच्यासमोर एका गोष्टीचा जबाब द्यावा.

नाखवा, त्या दुपारी कपाळावर बोट ठेवलंस तेव्हा तू मला शिकवत होतास की अडकवत होतास? हे सगळं तेव्हाच ठरलं होतं, की कंपनीनं भाव सांगितल्यावर सुचलं? माझा बाप गेला तेव्हा माझ्या घरातले नळ सोडून गेलास, ते कोणासाठी? तू खोटं बोलत नाहीस ना. मग ये, आणि चौघांत सांग.